अग्निवीर परत येतायत, पण त्यांचा रेझ्युमे वाचणार कोण?

२०२६ संपता संपता आणि २०२७च्या सुरुवातीला अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं पूर्ण होतायत. यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांना सैन्यदलात कायम केलं जाईल. बाकीचे घरी येतील. म्हणजे सोलापूर जिल्ह्यात बार्शी, सांगोला, माळशिरस, करमाळा अशा तालुक्यांतून पहाटे रस्त्यावर धावून भरती झालेली पोरं पंचविशीच्या आत-बाहेर परत गावात दिसायला लागतील. हातात बऱ्यापैकी पैसे असतील, शरीर एकदम फिट असेल, आणि समोर एकच प्रश्न असेल: आता पुढे काय?

टीव्हीवर यावर दोनच गोष्टी ऐकू येतात. एक बाजू म्हणते, ‘पोरांना वाऱ्यावर सोडलं.’ दुसरी म्हणते, ‘सगळीकडे आरक्षण दिलंय, काळजी नको.’ योजना चांगली की वाईट, या वादात मी इथे शिरणार नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मूळचा सोलापूरचा. कंपनीत नवीन माणसं घेताना रेझ्युमे कसे गाळले जातात, हे मी रोज जवळून बघतो. त्या बाजूने पाहिलं तर मला एक तिसरीच अडचण दिसते, आणि तिच्यावर फारसं कुणी बोलत नाही. या मुलांकडे कौशल्य आहे, पण ते ज्या भाषेत लिहिलंय ती भाषा नोकरी देणाऱ्यांच्या सिस्टीमला वाचताच येत नाही.

आधी योजना, दोन मिनिटांत

अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. ट्रेनिंग धरून सेवा चार वर्षांची. वयाची अट साडेसतरा ते २१, पण कोविडमध्ये भरती थांबली होती म्हणून पहिल्या वर्षापुरती ती २३पर्यंत वाढवली. पहिल्या वर्षासाठी तिन्ही दलांच्या मिळून ४६,००० जागा ठरल्या, त्यातल्या ४०,००० एकट्या लष्करात.

पगार पहिल्या वर्षी महिना ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के दर महिन्याला कापून ‘सेवा निधी’त जातात आणि सरकार तेवढीच रक्कम वरून घालतं. चार वर्षांचे स्वतःचे साधारण ५.०२ लाख, सरकारचे तेवढेच, आणि व्याज धरून हातात येणारा अंदाजे आकडा ११.७१ लाख. यावर आयकर नाही. पेन्शन आणि ग्रॅच्युइटीही नाही.

सगळ्यात महत्त्वाची अट बऱ्याच घरांत अजून माहीत नाही. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला ‘माजी सैनिक’ हा दर्जा मिळत नाही. हा शब्द साधा वाटतो, पण आपल्याकडची सगळी जुनी यंत्रणा याच शब्दावर उभी आहे. केंद्राची पुनर्वसन महासंचालनालयाची ट्रेनिंग, माजी सैनिकांच्या राखीव जागा, ईसीएचएसची वैद्यकीय सोय, कॅन्टीन कार्ड, हे सगळं त्या एका व्याख्येच्या आत येतं. पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून पेन्शनवर आलेल्या सुभेदार काकांचा रस्ता वेगळा होता. त्यांच्या पुतण्याला त्याच रस्त्याने जाता येईल असं गृहीत धरू नका.

‘आरक्षण आहे ना!’

आहे, आणि ते कामाचं आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं आणि आसाम रायफल्समध्ये अग्निवीरांसाठी १० टक्के जागा ठेवल्यात. वयात सवलत आहे, पहिल्या बॅचला तर पाच वर्षांची. डिसेंबर २०२५मध्ये बीएसएफच्या कॉन्स्टेबल भरतीत हा वाटा थेट ५० टक्क्यांवर नेला. हरियाणाने पोलीस आणि वनरक्षक भरतीत आरक्षण, तर उत्तर प्रदेशाने पोलीस भरतीत २० टक्के जाहीर केलेत.

पण इथे एक साधं गणित नीट समजून घ्या. आरक्षण जागांचं असतं, माणसांचं नसतं. ‘१० टक्के’ म्हणजे दहापैकी एका अग्निवीराला नोकरी असं नव्हे, तर निघालेल्या दर शंभर जागांपैकी दहा त्यांच्यासाठी. जागा किती निघणार, कधी निघणार, परीक्षा कधी होणार आणि निकाल कधी लागणार, हे आरक्षणात लिहिलेलं नसतं. भरतीची वाट बघत बसणं काय असतं, हे आपल्याकडच्या पोलीस भरतीवाल्या पोरांना विचारा.

दुसरं असं की जुन्या माजी सैनिकांसाठीही केंद्रात गट ‘क’मध्ये १० टक्के आणि गट ‘ड’मध्ये २० टक्के जागा वर्षानुवर्षं आहेत. तरी त्यातला मोठा वाटा भरलाच जात नाही, हे सरकारी आकड्यांतूनच अनेकदा पुढे आलंय. जागा राखीव असणं आणि योग्य माणूस त्या खुर्चीपर्यंत पोचणं यात अंतर असतं. आणि जे वर्दीत परत जाणार नाहीत, त्यांचं काय? त्यांना जायचंय खासगी क्षेत्रात. तिथे आरक्षण नाही, सर्च बॉक्स आहे.

सर्च बॉक्सला सैन्य कळत नाही

मध्यम किंवा मोठ्या कंपनीत तुम्ही अर्ज केला की तो बहुतेक वेळा आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातो. त्याला एटीएस म्हणतात, म्हणजे अर्जांचा हिशोब ठेवणारी सिस्टीम. ही सिस्टीम तुमच्या पीडीएफमधून मजकूर उचलते आणि त्याचे तुकडे करते: नाव, शिक्षण, आधीचं पद, किती वर्षं, कोणती कौशल्यं. मग एचआरमधली व्यक्ती शब्द टाकून शोधते, फिल्टर लावते आणि वरचे पंधरा-वीस रेझ्युमे उघडते. नोकरीच्या वेबसाइटवरही हेच होतं.

सोशल मीडियावर बोंबलतात तसं हे मशीन तुमचा रेझ्युमे ‘कचऱ्यात फेकत’ नाही. तो तिथेच असतो, फक्त कुणाला सापडत नाही. परिणाम तोच.

आता विचार करा. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याला स्टोअर सांभाळायला माणूस हवाय. एचआर टाइप करणार ‘इन्व्हेंटरी’, ‘वेअरहाउस’, ‘स्टॉक’, ‘एक्सेल’, ‘टॅली’. अग्निवीराच्या रेझ्युमेत लिहिलेलं असतं ‘एसकेटी’. म्हणजे स्टोअर कीपर टेक्निकल. काम तेच, कदाचित जास्त कडक शिस्तीत केलेलं. पण शब्द जुळत नाही, त्यामुळे सर्चमध्ये नाव येत नाही. जो कुठल्याशा गोदामात सहा महिने काम करून आलाय, तो वर दिसतो.

माणसांचंही तसंच आहे. ‘आर्मीत होता’ एवढं वाचलं की समोरच्याच्या डोक्यात एकच नोकरी येते: सिक्युरिटी गार्ड. यात अपमान काही नाही, प्रामाणिक काम आहे. पण चौथ्या वर्षी कापून हातात २८,००० घेणाऱ्या मुलाला बारा तासांच्या ड्युटीवर किमान वेतनाच्या आसपास उभं केलं, तर तो किती महिने टिकेल? आणि तो सोडून गेला की मालक म्हणणार, ‘ही पोरं टिकत नाहीत.’

एक रेझ्युमे, दोन भाषा

माझा एक आतेभाऊ लष्करात स्टोअरच्याच कामावर आहे. मागच्या सुट्टीत आला तेव्हा त्याने व्हॉट्सॲपवर रेझ्युमे पाठवला. त्यात लिहिलं होतं: ‘शिस्तप्रिय, मेहनती, कुठेही आणि कोणतंही काम करण्याची तयारी.’ खाली ट्रेडचं नाव आणि युनिटचं पूर्ण नाव, बास.

मी त्याला म्हटलं, “यातलं ‘कोणतंही काम’ आधी काढ. जो कोणतंही काम करतो त्याला सगळ्यात स्वस्तातलं काम मिळतं. तू दिवसभर काय करतोस ते सांग.”

“काय करणार दादा, सामान आलं की घ्यायचं, मागितलं की द्यायचं, लिहून ठेवायचं.”

“किती प्रकारचं सामान?”

“हजारेक आयटम असतील की.”

“ऑडिट होतं?”

“होतं म्हणजे? दरवर्षी एक-एक मोजून. माझ्या हाताखालचा एक नट-बोल्टसुद्धा हिशोबाबाहेर गेला नाही आजपर्यंत.”

हे वाक्य रेझ्युमेत कुठेच नव्हतं. आम्ही तासाभरात तो नव्याने लिहिला. पद: ‘इन्व्हेंटरी आणि स्टोअर असिस्टंट, भारतीय सैन्य’. काम: सुमारे हजार आयटमच्या साठ्याची आवक-जावक, नोंदवही आणि कॉम्प्युटरवरची नोंद, वार्षिक प्रत्यक्ष मोजणीत सलग वर्षं तफावत शून्य. युनिटचं नाव काढून टाकलं. एकही शब्द खोटा नाही, एकही वाढवून लिहिलेला नाही. फक्त भाषांतर केलं.

आता गंमत बघा. हे भाषांतर त्याला मिळालं, कारण घरात एक इंजिनिअर होता. ज्याच्या घरात नाही त्याने काय करायचं? हजारो मुलांचं भाषांतर ओळखीपाळखीवर सोडता येणार नाही. हे काम सिस्टीमचं आहे.

हे आधीही झालंय

आपल्या वडिलांच्या पिढीने ज्या ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’मध्ये नाव नोंदवून वर्षानुवर्षं कार्ड रिन्यू केलं, ते ऑफिस मुळात कुणासाठी सुरू झालं माहितेय? सैनिकांसाठी. दुसरं महायुद्ध संपत आलं, लाखो जवान घरी येणार हे दिसायला लागलं, तेव्हा जुलै १९४५मध्ये सरकारने पुनर्वसन आणि रोजगाराचं वेगळं महासंचालनालय काढलं. त्यातूनच ही एक्स्चेंज उभी राहिली. फाळणीनंतर ती निर्वासितांसाठी वापरली गेली आणि १९४८मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. म्हणजे परतणाऱ्या सैनिकाला नोकरीशी जोडणं हा या देशातल्या सरकारी रोजगार यंत्रणेचा पहिला धडा होता. त्याच एक्स्चेंजचा आजचा ऑनलाइन अवतार म्हणजे २०१५मध्ये सुरू झालेलं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल, म्हणजेच एनसीएस.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. इराक-अफगाणिस्तान युद्धांच्या काळात सैन्यात सेवा करून परतलेल्या १८ ते २४ वयाच्या पुरुष सैनिकांमध्ये २०११ साली बेरोजगारी २९.१ टक्के होती. त्याच वयाच्या, सैन्यात न गेलेल्या मुलांमध्ये ती १७.६ टक्के. म्हणजे देशासाठी लढून आलेला मुलगा घरी बसलेल्या मुलापेक्षा जास्त बेकार. तिथे मग कायदे आले, कंपन्यांना करसवलती मिळाल्या. पण मला त्यातली एक छोटी, तांत्रिक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तिथल्या कामगार खात्याच्या ‘ओनेट’ या व्यवसायांच्या डेटाबेसवर सैन्यातल्या कामाचा कोड टाकला की त्याच्याशी जुळणाऱ्या नागरी नोकऱ्यांची यादी येते. २०१८मध्ये गूगलनेही जॉब सर्चमध्ये हीच सोय दिली: सैनिकाने आपला कोड टाइप करायचा, आजूबाजूच्या जुळणाऱ्या नोकऱ्या दिसतात.

यात रॉकेट सायन्स काही नाही. एक टेबल आहे. डावीकडे सैन्यातला ट्रेड, उजवीकडे नागरी पद. आपल्याकडे उजवी बाजू तयार आहे. देशातल्या व्यवसायांचं सरकारी वर्गीकरण, एनसीओ २०१५, कोडसकट उपलब्ध आहे आणि एनसीएस पोर्टल तेच वापरतं. डावी बाजू सैन्यदलांकडे आहे. बाहेर पडताना अग्निवीराला कौशल्य प्रमाणपत्र मिळणार आहे. त्या प्रमाणपत्रावर नुसतं ट्रेडचं नाव असून भागणार नाही. एनसीओ कोड, कौशल्याची पातळी आणि डिजीलॉकरमध्ये मशीनला वाचता येईल अशी प्रत, या तीन गोष्टी त्यात असायला हव्यात. कागद लॅमिनेट करून भिंतीवर लावता येतो, पण सर्च बॉक्सला तो दिसत नाही.

सोलापुरात काम आहे कुठे?

‘पुण्याला जा’ हे सोपं उत्तर आहे. अडीचशे किलोमीटरवर पुणे आहे आणि आपली अर्धी पिढी तिथेच आहे, मीही त्यातलाच. पण चार वर्षं घरापासून लांब राहिलेल्या मुलाला, घरी आई-वडील आणि दोन एकर असलेल्या मुलाला, लगेच पुन्हा भाड्याच्या खोलीत ढकलणं हा ‘टिकण्या’चा मार्ग नाही. भाडं आणि मेस गेल्यावर हातात काय राहतं, हे पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाला माहितेय.

जिल्ह्यात काय आहे ते बघू.

*स्टोअर आणि क्लार्क ट्रेड:* जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने आहेत, आणि प्रत्येकाला स्टोअर विभाग लागतोच. टॉवेल-चादरीचे कारखाने, युनिफॉर्म शिवणारे गारमेंट युनिट, अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसी, सगळीकडे साठा सांभाळणारा विश्वासू माणूस हवा असतो. टॅली आणि एक्सेल नीट शिकून घेतलं की ही पोरं गार्डच्या खुर्चीवरून उठून स्टोअरच्या खुर्चीत बसतात.

*टेक्निकल आणि सिग्नलचं काम:* फायबर जोडणी, मोबाइल टॉवरची देखभाल, सीसीटीव्ही आणि नेटवर्किंग, सोलर बसवणं. गावोगाव फायबर आणि सोलर पोचतंय, त्यामुळे ही कामं तालुक्याच्या ठिकाणीही आहेत.

*ड्रोन:* ऊस, डाळिंब आणि द्राक्षाच्या जिल्ह्यात फवारणीचा ड्रोन आता नवलाईचा राहिला नाही. हे काम व्यवसाय म्हणून करायचं तर डीजीसीएचं रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. दहावी पास, वय किमान १८ आणि मान्यताप्राप्त संस्थेत ट्रेनिंग, या मुख्य अटी. सैन्यात ड्रोन हाताळला असला तरी हे प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं.

*जनरल ड्यूटी:* सगळ्यात जास्त संख्या यांची आणि भाषांतर सगळ्यात अवघड यांचं. कारण ‘पायदळ’ हा शब्द कुठल्याच कंपनीच्या जाहिरातीत नसतो. पण शिफ्ट लावणं, दहा माणसांकडून वेळेत काम करून घेणं, प्रथमोपचार, आग लागली तर काय करायचं, दबावाखाली डोकं शांत ठेवणं, हे त्यांनी केलेलं असतं. औद्योगिक सुरक्षा आणि फायर सेफ्टीचा एखादा मान्यताप्राप्त कोर्स जोडला, तर ‘गार्ड’ऐवजी ‘सेफ्टी असिस्टंट’ किंवा ‘शिफ्ट सुपरवायझर’ हे दार उघडतं. फरक एका शब्दाचा वाटतो, पण पगाराची आणि बढतीची शिडी बदलते.

टिकली की नाही, हे मोजायचं कसं?

माझा मुख्य मुद्दा आता येतो. रोजगार मेळावा झाला की दुसऱ्या दिवशी बातमी येते: ‘इतक्या जणांना जागेवर नियुक्तिपत्र.’ फोटो येतो. सहा महिन्यांनी त्यातले किती त्या कामावर आहेत, याची बातमी कधी वाचलीय?

आमच्या क्षेत्रात एक गोष्ट सगळ्यांना कळते. ॲप किती जणांनी डाउनलोड केलं यावर काही ठरत नाही. महिन्याने किती जण ते वापरतायत, यावर ठरतं. नियुक्तिपत्र म्हणजे डाउनलोड. टिकणं म्हणजे वापर.

आणि हे मोजण्याची यंत्रणा सरकारकडे आधीच आहे. पीएफ कापणाऱ्या कुठल्याही आस्थापनेत लागलात की तुम्हाला बारा अंकी यूएएन मिळतो. नोकरी बदलली तरी नंबर तोच. दर महिन्याला पीएफ जमा झाला की कळतं, माणूस कामावर आहे. किती वेतनावर भरला तेही कळतं. म्हणजे ज्या अग्निवीरांनी संमती दिलीय त्यांचे नंबर एकत्र करून, कुणाचंही नाव न सांगता, दर सहा महिन्यांनी जिल्हावार तीन आकडे जाहीर करता येतील: ६ महिन्यांनी किती जण कामावर, १२ महिन्यांनी किती, २४ महिन्यांनी किती. नवीन ॲप नको, नवीन पोर्टल नको. असलेल्या दोन डेटाबेसमधली एक जोडणी पुरे.

यात त्रुटी आहेत, त्याही सांगतो. शेती, स्वतःचा धंदा किंवा पीएफ न कापणारी छोटी दुकानं यात दिसणार नाहीत. सरकारी नोकरीचा हिशोब वेगळा ठेवावा लागेल. आणि डेटा जोडताना खासगीपणा सांभाळावा लागेल, कारण कोण सैनिक कुठे राहतो आणि किती कमावतो ही यादी चुकीच्या हातात पडणं परवडणारं नाही. पण ‘अपूर्ण मोजमाप’ आणि ‘मोजमापच नाही’ यात मी पहिलं निवडेन.

पीएफशी जोडलेली एक योजना आत्ता चालूही आहे. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात तयार होणाऱ्या नोकऱ्यांसाठी आहे. पहिल्यांदाच ईपीएफओत येणाऱ्या, महिना एक लाखापर्यंत पगार असलेल्या कर्मचाऱ्याला १५,००० रुपयांपर्यंत रक्कम दोन हप्त्यांत मिळते: पहिला सहा महिने टिकल्यावर, दुसरा बारा महिने टिकून आर्थिक साक्षरतेचा छोटा कोर्स पूर्ण केल्यावर. ठरलेल्या संख्येने माणसं वाढवणाऱ्या मालकालाही प्रत्येकी महिना ३,००० रुपयांपर्यंत दोन वर्षं मिळतात आणि कारखानदारीत ते पुढची दोन वर्षंही चालू राहतात. अग्निवीराचा सेवा निधी ईपीएफओत नसतो. त्यामुळे सैन्यात जाण्याआधी पीएफवाली नोकरी केलेली नसेल, तर बाहेरच्या पहिल्या नोकरीतच त्याचा यूएएन निघणार. आणि पहिल्या तुकड्या बाहेर येतायत त्या काळात ही खिडकी उघडी आहे. एमआयडीसीतल्या मालकांना आणि पोरांना, दोघांनाही हे एकाच वेळी सांगणारं कुणीतरी हवं. जिल्हा कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्राने आणि उद्योजकांच्या संघटनांनी एक दिवस एकत्र बसून हे करता येईल.

तुमच्या घरात अग्निवीर असेल तर

पुढची सुट्टी किंवा पुढचा व्हिडिओ कॉल यासाठी वापरा:

१. कामाची डायरी. रोज काय केलं, कोणतं मशीन, कोणतं सॉफ्टवेअर, किती माणसं हाताखाली, हे साध्या भाषेत लिहून ठेवायला सांगा. चार वर्षांनी आठवत नाही.

२. पण गुपित बाहेर नको. युनिटचं नाव, तैनातीची जागा, शस्त्रांचे किंवा उपकरणांचे तपशील रेझ्युमेत, लिंक्डइनवर किंवा एआय चॅटबॉटमध्ये टाकायचे नाहीत. चॅटजीपीटीसारख्या टूलकडून रेझ्युमेची भाषा सुधारून घ्यायला हरकत नाही, पण सर्व्हिसचे कागद फोटो काढून अपलोड करणं बंद. हे कायद्याने गुन्हा ठरू शकतं, आणि जवानांना जाळ्यात ओढणारे प्रोफाइल याच माहितीच्या शोधात असतात.

३. शिक्षणाचे क्रेडिट सोडू नका. दहावीवर भरती झालेल्यांना एनआयओएसमार्फत बारावी करता येते. इग्नूच्या अग्निवीरांसाठीच्या पदवीत निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. ‘पदवीधर’ हा फिल्टर एचआर सगळ्यात आधी लावतात, म्हणून ही पदवी सेवेत असतानाच सुरू करा.

४. नागरी लायसन्स आणि प्रमाणपत्रं. अवजड वाहन, ड्रोन, फायर सेफ्टी, जे काही करायचं असेल त्याचं नागरी प्रमाणपत्र कसं काढायचं याची चौकशी शेवटच्या वर्षात सुरू करा. बाहेर आल्यावर शोधायला लागलात तर सहा महिने जातात.

५. एनसीएस आणि महास्वयम्. दोन्हीवर नोंदणी करा आणि पद लिहिताना ट्रेडचं नाव नव्हे, नागरी नाव लिहा.

६. ११ लाखांवर डोळा ठेवणारे ओळखा. अमुक महिन्यात अग्निवीरांच्या हातात पैसे येणार, हे ठगांनाही माहितेय. ‘प्लेसमेंट गॅरंटी’ म्हणत दोन लाखांचा कोर्स विकणारे, ‘लॅपटॉप डिपॉझिट’ मागणारे एचआर, टेलिग्रामवर पार्ट टाइम टास्क देणारे, ‘सेवा निधी लवकर काढून देतो’ म्हणून ओटीपी मागणारे, सगळे येणार. नियम एकच: नोकरीसाठी पैसे मागितले की ती नोकरी नाही. फसलात तर लाजू नका, लगेच १९३०वर फोन करा. पहिल्या तासात केलेला फोन पैसे वाचवू शकतो.

७. पहिली नोकरी निवडताना तीन प्रश्न. पीएफ कापता का? वर्षाने मी कोणत्या पदावर असेन? इथे शिकलेलं दुसरीकडे चालेल का? तिन्ही उत्तरं ‘नाही’ असतील, तर ती नोकरी हातखर्चापुरती समजा आणि शोध चालू ठेवा.

आणि तुम्ही स्वतः एखाद्या कंपनीत, कारखान्यात, दुकानात माणसं घेण्याच्या कामात असाल, तर तुमच्यासाठी एकच गोष्ट. पुढच्या जाहिरातीत ‘अनुभव: संबंधित क्षेत्रातील’ या ओळीपुढे ‘सैन्यदलातील अनुभव ग्राह्य’ एवढे तीन शब्द घाला. आणि इंटरव्ह्यूत ‘बंदूक चालवलीस का’ असं विचारू नका. ‘दिवसभर काय काम करायचास’ असं विचारा. उत्तर ऐकून चकित व्हाल.

येत्या वर्षभरात अग्निवीरांबद्दल घोषणा खूप होतील. मेळावे होतील, करार होतील, नियुक्तिपत्रांचे फोटो येतील. प्रत्येक बातमीखाली एकच प्रश्न विचारा, पुढारी कोणत्याही पक्षाचा असो: यातले किती जण २४ महिन्यांनी पीएफ भरतायत? जोपर्यंत सोलापूर जिल्ह्यासाठी हा आकडा कुणी सांगत नाही, तोपर्यंत बाकीच्या आकड्यांवर टाळ्या वाजवायची घाई नको.